शेवटून पहिला नंबर!

दोस्तांनो, वर्गात पहिला नंबर कोणाचा आला हे सगळ्यांना ठाऊक असतं. शेवटून पहिला कोण, हेही ठाऊक असतं. फक्त ते कुणी मोठ्यानं बोलत नाही. आज मी तुम्हाला अशाच एका शेवटून पहिल्या संघाची गोष्ट सांगणार आहे. हा संघ एक-दोन दिवस नाही, तब्बल १४० दिवस तळाला होता. तेही घरातल्या घरात नाही, सगळ्या जगाच्या डोळ्यांदेखत!

संघाचं नाव लेस्टर सिटी. तुमच्यातले फुटबॉलवेडे लगेच ओरडतील, “हात्तिच्या! लेस्टर म्हणजे २०१६ चे विजेते. आम्हाला माहीत आहे ती गोष्ट!” बरोबर आहे. पण ती गोष्ट पुष्कळांनी सांगून झाली. मी सांगतोय ती त्याच्या आदल्या वर्षाची, २०१४-१५ च्या मोसमाची. ही गोष्ट घडली नसती, तर ती दुसरीही घडली नसती.

खाली जाणं म्हणजे काय?

आपल्या आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच खेळतो. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये असे लाड नाहीत. तिथल्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ असतात. प्रत्येक संघ बाकीच्या १९ संघांशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. म्हणजे झाले ३८ सामने. जिंकलात तर ३ गुण, बरोबरी झाली तर १, आणि हरलात तर भोपळा. ऑगस्टमध्ये सुरू झालेला हा मोसम मे महिन्यात संपतो आणि शेवटच्या तीन संघांना खालच्या लीगमध्ये जावं लागतं. संघ शंभर वर्षांचा जुना असो की पैशात लोळणारा असो, सूट कोणालाही नाही. त्या खालच्या लीगचं नाव मात्र मोठं झोकदार आहे: चॅम्पियनशिप!

नुसती अब्रू जाते असंही नाही. टीव्हीवरच्या प्रक्षेपणातून मिळणारा पैसा एकदम आटतो. चांगले खेळाडू दुसरा संघ शोधतात. हिरवळीची निगा राखणारे माळी, तिकीटखिडकीवरचे कारकून यांनाही आपल्या नोकरीची काळजी लागते. ज्यांनी आयुष्यात एकही गोल खाल्लेला नाही, त्यांच्या घरीसुद्धा त्या गुणतक्त्याची धास्ती असते.

लेस्टरला हे दुःख नवीन नव्हतं. २००४ मध्ये ते प्रीमियर लीगमधून खाली घसरले. २००८ मध्ये आणखी खाली, थेट तिसऱ्या पायरीवर. तिथून एकेक पायरी चढत २०१४ मध्ये ते परत वर आले, तेव्हा दहा वर्षं उलटून गेली होती.

लेस्टर हे शहर आहे इंग्लंडच्या साधारण मध्यावर. १९७२ मध्ये युगांडाच्या हुकूमशहानं तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशाबाहेर काढलं, तेव्हा त्यातली अनेक कुटुंबं या शहरात येऊन राहिली. त्यामुळे तिथं गुजराती भरपूर ऐकू येतं आणि बेलग्रेव्ह रोडवर दिवाळी थाटात साजरी होते. तिथल्या फुटबॉल संघाचं टोपणनाव ‘फॉक्सेस’, म्हणजे कोल्हे. शर्ट निळा आणि बिल्ल्यावर कोल्ह्याचं तोंड.

तेरा सामने, दोन गुण

सुरुवात कशी झाली म्हणता? झकास! २१ सप्टेंबर २०१४ ला बलाढ्य मँचेस्टर युनायटेडचा संघ लेस्टरला आला. रूनी, व्हॅन पर्सी, डी मारिया, फाल्काओ, एकेक मोहरा बघा! युनायटेडनं ३-१ अशी आघाडी घेतली. पण शेवटच्या अर्ध्या तासात लेस्टरनं चार गोल ठोकले आणि सामना ५-३ असा जिंकला. पाच सामन्यांत आठ गुण झाले. गावात नुसता जल्लोष!

आणि मग माशी शिंकली.

पुढच्या १३ सामन्यांत लेस्टरला एकही विजय मिळाला नाही. ३९ गुण मिळवता आले असते, मिळाले फक्त दोन. २९ नोव्हेंबरला ते तक्त्याच्या तळाला गेले. वेस्ट ब्रॉमविचविरुद्ध तर एस्तेबान कॅम्बियासोच्या हातून, चुकलो, डोक्यातून, आपल्याच जाळ्यात गोल गेला आणि सामना ०-१ असा हातचा गेला. हा कॅम्बियासो म्हणजे अर्जेंटिनाचा मुरलेला खेळाडू. इंटर मिलानकडून २०१० मध्ये युरोपातली सर्वांत मोठी स्पर्धा जिंकलेला! भर म्हणून डिसेंबरमध्ये गोलरक्षक कॅस्पर श्मायकलच्या पायाचं हाड मोडलं. नाताळच्या दिवशी लेस्टरच्या खात्यावर १० गुण होते. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून नाताळला तळाशी असलेले फक्त दोनच संघ तोवर वाचले होते: २००४-०५ मध्ये वेस्ट ब्रॉमविच आणि २०१३-१४ मध्ये संडरलँड.

आता जरा थांबा आणि त्या १३ सामन्यांचा हिशेब माझ्याबरोबर तपासा. दोन बरोबरीत, ११ हरलेले. त्या ११ पैकी सहा सामने लेस्टर एकाच गोलानं हरलं. उरलेले पाच दोन गोलांनी. त्याहून मोठी हार एकदाही नाही. धुव्वा उडाला, लाजिरवाणी धूळधाण झाली, असं कधीच घडलं नाही. दर आठवड्याला थोडंसं कमी पडत होतं, एवढंच. पण गुणतक्त्याला ‘थोडंसं’ लिहिता येत नाही. तो फक्त शून्य लिहितो.

राजा पावला?

मार्च संपला तेव्हा २९ सामने झाले होते आणि गुण होते १९. धोक्याच्या रेषेपासून सात गुण खाली. सामने उरले नऊ. वीसपेक्षा कमी गुणांवर इतके सामने झालेला संघ प्रीमियर लीगमध्ये त्याआधी कधीच वाचला नव्हता.

इथं गोष्टीत येतो एक राजा. खोटं नाही सांगत! २०१२ मध्ये लेस्टरमधल्या एका मोटारतळाखाली खोदकाम करताना एक सांगाडा सापडला. तपासाअंती ठरलं की हा इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड, १४८५ मध्ये लढाईत मारला गेलेला. २६ मार्च २०१५ ला त्याच्या अस्थी लेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये सन्मानानं पुरण्यात आल्या. आणि ४ एप्रिलपासून लेस्टर जिंकायला लागलं! राजानंच कृपा केली, अशी गंमत लोक करू लागले.

गंमत म्हणून ठीक आहे. पण १४८५ सालच्या राजाला पेनल्टी कशाशी खातात हे कुठून कळणार? खरी कारणं मैदानावर होती. प्रशिक्षक नायजेल पिअर्सन यांनी बचावफळीच्या मध्यभागी दोनऐवजी तीन दणकट गडी उभे केले: कर्णधार वेस मॉर्गन, जर्मनीचा रॉबर्ट हुथ आणि पोलंडचा वासिलेव्हस्की. मधली भिंत भक्कम झाल्यावर दोन्ही बाजूंच्या खेळाडूंना पुढे धावायला मोकळीक मिळाली. त्यातला मार्क ऑलब्रायटन मोसमाचा बराच काळ बाकावर बसून होता. आता तो धावायचा थांबेना. श्मायकलही पाय बरा करून परतला होता.

चार एप्रिलचा सामना वेस्ट हॅमशी होता. पहिला गोल कोणी केला असेल? कॅम्बियासोनं! नोव्हेंबरात स्वतःच्या जाळ्यात गोल गेलेला तोच गडी. वेस्ट हॅमनं बरोबरी साधली, पण ८६ व्या मिनिटाला अँडी किंगनं दुसरा गोल केला. लेस्टर २-१.

पुढचा सामना वेस्ट ब्रॉमविचच्या मैदानावर. ७९ मिनिटं झाली तरी लेस्टर १-२ असं मागे. ८० व्या मिनिटाला हुथनं हेडर मारून बरोबरी केली. मग ९० मिनिटं उलटून गेल्यावर जेमी व्हार्डी चेंडू घेऊन सुसाट सुटला आणि त्यानं गोल केला. ३-२! हा व्हार्डी काही वर्षांपूर्वी दिवसा कारखान्यात काम करायचा आणि आठवड्याला ३० पौंडांवर एका छोट्या संघाकडून खेळायचा.

१८ एप्रिलला स्वान्सीला २-० असं हरवलं आणि १४० दिवसांनंतर तळ सुटला. मग बर्नलीशी गाठ पडली. बर्नलीसुद्धा बुडता बुडता हातपाय मारत होती. ५९ व्या मिनिटाला बर्नलीला पेनल्टी मिळाली. चेंडू खांबावर आदळला! आणि पुढच्या मिनिटभरात दुसऱ्या टोकाला व्हार्डीनं गोल केला. लेस्टर १-०. खांब चार बोटं पलीकडे असता, तर आज मी तुम्हाला कदाचित बर्नलीची गोष्ट सांगत बसलो असतो. नशीबही लागतं, ते नाकबूल करायचं नाही.

पाचव्या सामन्यात चेल्सीनं लेस्टरला ३-१ असं हरवलं. त्या रात्री पिअर्सनसाहेबांचा पारा चढला. तुमच्या खेळाडूंवर कोणती टीका झाली, असं एका पत्रकारानं विचारलं, तर ते त्याला चक्क शहामृग म्हणाले, वाळूत डोकं खुपसून बसलेला शहामृग! नंतर त्यांनी माफी मागितली, ते बरं केलं. (आणि हो, शहामृग वाळूत डोकं खुपसतो ही निव्वळ दंतकथा आहे. तेव्हा माफी शहामृगाचीही मागायला हवी होती.)

प्रशिक्षक घसरले, पण संघ घसरला नाही. न्यूकॅसलला ३-० आणि साउदॅम्प्टनला २-० असं हरवून झालं. १६ मे ला संडरलँडशी ०-० अशी बरोबरी झाली. एकही गोल नसलेल्या सामन्यानंतर खेळाडू इतके नाचलेले तुम्ही कधी पाहिले नसतील! कारण त्या एका गुणानं लेस्टर वाचलं. शेवटच्या सामन्यात त्यांनी क्वीन्स पार्क रेंजर्सचा ५-१ असा फडशा पाडला. ४१ गुण आणि विसांत १४ वा नंबर.

पुढे काय झालं?

त्या वर्षी हल, बर्नली आणि क्वीन्स पार्क रेंजर्स खाली गेले. त्यांचे खेळाडू आळशी होते का? मुळीच नाही. ते शेवटपर्यंत झुंजले. त्यांच्या गावीही मुलं रडलीच असणार. पण बर्नली २०१६ मध्ये खालची लीग जिंकून परत वर आली. खाली जाणं म्हणजे संपणं नव्हे.

लेस्टरचं काय? जून संपता संपता पिअर्सन यांना पदावरून काढलं गेलं आणि इटलीचे क्लॉडिओ रानिएरी आले. गोलात श्मायकल, मध्यभागी मॉर्गन आणि हुथ, कडेला ऑलब्रायटन, पुढे व्हार्डी, सगळे तेच. एन्गोलो कान्तेसारखे मोजके नवे. त्यांनी ३८ पैकी फक्त तीन सामने गमावले, ८१ गुण मिळवले आणि मे २०१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकली. तेरा महिन्यांपूर्वी जे शेवटून पहिले होते, ते आता सुरुवातीकडून पहिले!

गोष्ट इथंच संपवली तर छान वाटेल, पण ते प्रामाणिक होणार नाही. २०२३ मध्ये हेच लेस्टर शेवटच्या दिवशी सामना जिंकूनसुद्धा खाली गेलं. २०२४ मध्ये परत वर आलं आणि २०२५ मध्ये पुन्हा खाली. तक्ता कोणाची जुनी पुण्याई मोजत नाही.

म्हणून मला २०१६ च्या चषकापेक्षा २०१५ चा तो मार्च महिना जास्त आठवतो. खात्यावर १९ गुण, सगळे म्हणतायत ‘आता संपलं’, आणि सकाळी उठून सरावाला तर जायचंच आहे. तुमच्यापैकी कुणाच्या प्रगतिपुस्तकात सहामाहीला लाल शाई दिसली असेल, तर तो तक्ता नीट वाचा. किती मार्कांनी गेलं? कशात गेलं? ‘थोडंसं’ कुठं कमी पडलं? तेवढं सापडलं की कामाला लागता येतं. आणि आई-बाबांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठीही आहे. शून्य तर सगळ्यांनाच दिसतो. त्याच्यामागचं ‘थोडंसं’ शोधायला मुलांना घरचं कुणीतरी सोबतीला लागतं.

जाता जाता एक गणित. शेवटच्या नऊ सामन्यांत लेस्टर १९ गुणांवरून ४१ वर गेलं आणि त्यांतला फक्त एक सामना हरलं. मग जिंकले किती आणि बरोबरीत सुटले किती? आधी कागदावर सोडवा आणि मगच वर जाऊन सामने मोजा. लबाडी करायची नाही हं! आपण कोल्ह्यांची गोष्ट ऐकली असली तरी!