शकुंतलेची वाट मोडू देऊ नका

प्रति,
मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, अकोला

विषय : यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या बंद पडलेल्या नॅरोगेज मार्गाची जागा एकसंध राखून, ब्रॉडगेजचे काम सुरू होईपर्यंत तिच्यावर पायी व सायकल मार्ग करण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे अकोला, वाशीम, यवतमाळ आणि अमरावती या चार जिल्ह्यांतले रहिवासी आहोत. आमच्यात शेतकरी आहेत, शिक्षक आहेत, या मार्गावरच्या शकुंतला गाडीत बसून शाळा-कॉलेज केलेली मंडळीही आहेत. आधीच स्पष्ट करतो की गाडी नको असे आमच्यापैकी कोणाचेही म्हणणे नाही. ब्रॉडगेजची मागणी कायम आहे. सायकल मार्ग दिला म्हणजे रेल्वेचा विषय मिटला, असा सोयीचा अर्थ या निवेदनातून कृपया काढला जाऊ नये.

मार्गाचा इतिहास आपल्या कार्यालयाला ठाऊकच आहे. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरावर पोचवण्यासाठी किलिक निक्सन कंपनीने तो उभा केला. मूर्तिजापूरहून एक फाटा कारंजा, दारव्ह्यावरून ११३ किलोमीटरवरच्या यवतमाळला, दुसरा दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोटवरून ७६ किलोमीटरवरच्या अचलपूरला. मँचेस्टरला १९२१ साली घडवलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होते. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे मार्ग कंपनीचा आणि गाडी चालवणार मध्य रेल्वे, असा हा अजब संसार होता. गाडी थांबली, पण जागेचे पुढे काय, हे आम्हाला कोणी सांगितलेले नाही.

आमची खरी काळजी जागेचीच आहे. रुळांवर वेडी बाभूळ माजली आहे. कुठे कुंपण दोन हात पुढे सरकते, कुठे उकिरडा पडतो. याचा शेवट काय होतो, ते या भागाने एकदा पाहिले आहे. दारव्ह्याहून पुसदला जाणारा फाटा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उखडला गेला. आज त्याच पुसदला रेल्वे नेण्यासाठी वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाकरिता नव्याने भूसंपादन करावे लागले. हातची वाट एकदा गेली की पुन्हा मिळवायला काय पडते, हे आपल्या खात्याला आम्ही सांगायला नको.

जागा जपण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ती रोजच्या वापरात ठेवणे. अमेरिकेने १९८३ साली कायद्यातच तशी सोय केली. बंद मार्ग मोडीत न काढता लोकांना चालायला, सायकलला द्यायचा आणि रेल्वेला गरज पडली की परत घ्यायचा. न्यूझीलंडमध्ये ओटागो प्रांतातली १९९० साली बंद झालेली लाईन २००० सालापासून १५२ किलोमीटरचा सायकल मार्ग म्हणून सुरू आहे, आणि ज्या गावांत कोणी थांबत नव्हते तिथे आता मुक्कामाला माणसे येतात. आम्हाला मात्र परदेशी पाहुण्यांआधी आमच्या पोरींची सोय हवी आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातली ही जमीन काळी, चिकण. पावसाळ्यात पांदणीतून सायकल दहा पावले जात नाही. चिखल मडगार्डमध्ये गच्च बसतो, चाक फिरेनासे होते, आणि आठवी-नववीतली मुलगी दप्तर पाठीवर घेऊन काडीने तो खरवडत उभी राहते. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली देण्याची शासनाची योजना आहे. त्या चालवायला वाट नाही. रेल्वेचा भराव याच मातीवर उभा आहे. पण तो उंच आहे, त्यावर गिट्टी आहे, पाणी जायला मोऱ्या आहेत, चढ नावालाच आहे. शंभर वर्षांपूर्वी झालेला हा खर्च आज फुकट पडून आहे.

पायी चालणारेही इथे नवे नाहीत. गाडगेबाबांचे जन्मगाव शेंडगाव अंजनगाव सुर्जी तालुक्यात, बालपण गेले ते दापुरे मूर्तिजापूर तालुक्यात. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. अचलपूरच्या पुढे चिखलदरा आणि मेळघाट. भाविक आज डांबरी रस्त्याच्या कडेने, ट्रकचा वारा अंगावर घेत चालतात.

सबब, आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी की, रेल्वे आणि भूमी अभिलेख विभागाने दोन्ही फाट्यांची संयुक्त मोजणी करून हद्दीचे दगड रोवावेत, आणि जागा कोणाच्या नावावर आहे ते नकाशासह प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावे. मोजणी होईपर्यंत या पट्ट्यातला एकही तुकडा कोणालाही, कोणत्याही कारणासाठी देऊ नये. दुसरे, ही जागा नाममात्र शुल्कावर संबंधित जिल्हा परिषदांकडे वापरासाठी सोपवावी; रेल्वेने मागताच परत करण्याची आणि पक्के बांधकाम न करण्याची अट करारात स्पष्ट असावी. तिसरे, सुरुवात अंजनगाव–पथ्रोट–अचलपूर या टप्प्यापासून करावी. पुलांची तपासणी आधी व्हावी. जो पूल धोक्याचा ठरेल तो बंद ठेवून वळसा द्यावा.

काँक्रीट आणि डांबर आम्ही मागत नाही. दाबलेला मुरूम पुरे. उन्हाळ्यातल्या दुपारी इथे कोणी फिरकणार नाही हे आम्हालाही कळते, म्हणून आधी कडुनिंब लावावेत, बाक आणि कमानी मागाहून. उद्घाटनाची कोनशिला सगळ्यांत शेवटी बसवली तरी आमची हरकत नाही. मोटारसायकली अडवायला फाटकावर खांब असावेत, मात्र शेतकऱ्याची बैलगाडी आणि ट्रॅक्टर आज जिथून ओलांडतात तिथून ओलांडू द्यावेत; नाहीतर पहिला विरोध आमच्याच घरातून होईल. जुन्या स्टेशनांच्या इमारती पाडू नयेत. तिथे पिण्याचे पाणी, मुलींसाठी स्वच्छतागृह आणि महिला बचत गटांना चहा-भाकरीची जागा मिळावी.

मोजणीचे काम पेरणीपूर्वी, वावरे मोकळी असताना सुरू करावे आणि त्याचे लेखी उत्तर जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत आम्हाला मिळावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावरील गावांचे नागरिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी :
मा. महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे, मुंबई
मा. विभागीय रेल्वे व्यवस्थापक, भुसावळ
मा. जिल्हाधिकारी, अमरावती, वाशीम व यवतमाळ