वर्गातल्या दुसऱ्या बाई



या आठवड्याच्या टपालात मेहकर तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचे पत्र आहे. शिक्षण बारावीपर्यंत, दोन मुले शाळेत, यजमान शेती पाहतात. गावच्या माध्यमिक शाळेत यंदा नववीला एक मुलगी आली आहे. शेजारच्या खेड्यातून ऑटोने येते. जन्मापासून हातपाय ताठर, बोलणे जड. डॉक्टरांच्या कागदावर ‘सेरेब्रल पाल्सी’ असे लिहिलेले. बुद्धी मात्र तल्लख. मुख्याध्यापकांनी आपल्या या भगिनीला विचारले, “दिवसभर तिच्याजवळ वर्गात थांबाल का? थोडे मानधन देऊ.” घरी सासूबाईंचा सूर निराळा : “दुसऱ्याच्या पोरीची उठबस कराले चालली काय?” आणि पत्राच्या शेवटी प्रश्न आहे, “ताई, मी तिथे आया म्हणून जायचे की शिक्षिका म्हणून?”

प्रश्न अगदी मोलाचा विचारलात. यातले काहीच म्हणून नाही, असे माझे उत्तर आहे. तुम्ही जायचे ते मदतनीस म्हणून. आणि चांगली मदतनीस ओळखायची कशी? तर जूनमध्ये त्या मुलीला जितकी मदत लागत होती, त्याहून मार्चमध्ये थोडी कमी लागली पाहिजे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. नववीचे वर्ष अशा मुलींसाठी फार नाजूक असते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. आपल्याकडे घाटावर काय अन् घाटाखाली काय, कित्येक गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीला संपते. पुढची शाळा दुसऱ्या गावाला, दर तासाला नवे शिक्षक, वर्ग भरगच्च. शिवाय पोरगी वयात आलेली. “आता हिला उचलायची कुणी अन् न्यायची कुणी?” असे म्हणून तिचे नाव हजेरीपटावर राहते आणि ती घरच्या ओसरीवर.

पण २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा काय सांगतो, ते पुष्कळ आयांना ठाऊकच नसते. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा हवे तर विशेष शाळेत. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. तेव्हा तुमचे पहिले काम म्हणजे मुलीच्या आईला विचारा, प्रमाणपत्र काढले का? यूडीआयडी कार्ड आहे का? नसेल तर बुलढाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात चौकशी करायला सांगा. पुढची बरीच कुलपे या एका किल्लीने उघडतात.

‘शिकून काय दिवे लावणार?’ असे कुणी म्हटले, तर त्यालाही उत्तर आहे. मुंबईत १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी अशा मुलांसाठी संस्था उभी केली. त्यांची स्वतःची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी होती. त्या मालिनी चिब यांनी पुढे लंडनला दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या आणि एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले. तुम्ही म्हणाल, ती मुंबईची मोठी माणसे. बरे, मग शेजारच्या अमरावती जिल्ह्यात पाहा. वझ्झरच्या आश्रमात शंकरबाबा पापळकरांनी वाढवलेली माला ही दृष्टिहीन मुलगी २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा पास झाली. रेल्वे स्टेशनवर टाकून दिलेले पोर होते हो ते!

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

तुमची गुरू कोण? समग्र शिक्षा योजनेत तालुक्याच्या गट साधन केंद्रातून विशेष शिक्षक शाळांना भेटी देतात. माध्यमिक वर्गांत अशा पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, हे प्रमाण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लागू करायला सांगितले. तरी एका माणसाच्या वाट्याला अनेक शाळा येतात आणि त्या रोज येऊ शकत नाहीत. म्हणून त्या येतील तेव्हा वही घेऊन बसा. कसे बसवायचे, कोणता व्यायाम, काय टाळायचे, सारे लिहून घ्या. रोज ते अमलात आणायचे काम तुमचे. आपल्या मनाने हातपाय ओढून सरळ करायला जाऊ नका.

बसण्याची जागा. मुलीचे पाय लोंबकळता कामा नयेत. पायाखाली फळी किंवा लाकडी खोका ठेवा. पाय टेकले की पाठ स्थिर राहते, पाठ स्थिर झाली की हात मोकळा होतो. टेबल कोपराच्या उंचीचे असावे. आणि तुम्ही? तुम्ही तिला खेटून बसू नका, बरं का. तिच्या शेजारी वर्गमैत्रीण बसू द्या, तुम्ही तिरप्या, मागच्या बाजूला. मोठे माणूस मध्ये बसले की कुठलीच मुलगी तिच्याशी गप्पा मारत नाही, आणि सरही तुमच्याकडे पाहून विचारतात, “हिला समजलं का?” तेव्हा हसून म्हणावे, “सर, तिलाच विचारा.” तिला शब्द काढायला वेळ लागेल. मनातल्या मनात वीस अंक मोजा, पण तिचे वाक्य तुम्ही पुरे करू नका.

लिहिणे. इथे खरी परीक्षा तुमची. आईच म्हणेल, “तिले काहून तरास देता बाई? तुम्हीच लिहून द्या न!” माया आहे ती, पण ऐकू नका. पेनाला जाड कापड किंवा रबर गुंडाळा, म्हणजे पकड बसते. वही पाटावर तिरपी ठेवून चिमट्याने घट्ट करा. शिक्षकांशी बोलून ठरवून घ्या, की दहा प्रश्नांपैकी दोन ती स्वतःच्या हाताने लिहील आणि बाकीचे तोंडी सांगेल. ती सांगेल ते तुम्ही उतरवा. जसेच्या तसे, चुकले तर चुकलेले. गणितात हातचा विसरली तर विसरलेलाच लिहा. तुम्ही गुपचूप दुरुस्त केलेत, तर वही सुंदर दिसेल आणि पोरगी कोरी राहील.

बोर्डाची तयारी. दहावीला दिव्यांग विद्यार्थ्यांना तासाला वीस मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. लेखनिकही घेता येतो. तो खालच्या इयत्तेतला विद्यार्थी असतो, म्हणजे तिथे तुम्ही किंवा तिची आई लिहू शकत नाही. मंजुरीचे कागद शाळेमार्फत अमरावतीच्या विभागीय मंडळाकडे जातात. ते फॉर्म भरतानाच जोडले की मागून धावपळ होत नाही. पण कागदापेक्षा मोठी गोष्ट सराव. उत्तर मनात जुळवून दुसऱ्याला सांगणे सोपे नसते. नववीच्या दिवाळीपासूनच एखाद्या धाकट्या मुलीला समोर बसवून आठवड्याला एक उत्तर सांगायला लावा.

आता सासूबाईंच्या मुद्द्यावर येते. होय, मुतारीपर्यंत नेणे, कपडे सावरणे हे त्या कामात आहे. त्यात कमीपणा कसला? आपण आपल्या लेकरांचे केलेच की! फक्त ही पंधरा वर्षांची मुलगी आहे, तान्हे बाळ नव्हे. हात लावण्याआधी सांगा, “आता मी तुझा परकर सावरते.” दार बंद असावे. तिचे जे काही पाहिले, ते ओट्यावरच्या गप्पांत येता कामा नये. उचलायचे झाल्यास दोघी लागतात. गुडघे वाकवून उचला, नाहीतर तुमची कंबर कायमची जाईल.

एक गोष्ट मुद्दाम पाहा. मुतारीला जावे लागेल म्हणून अशा कितीतरी मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. आपल्या वऱ्हाडच्या उन्हात हे भारी पडते. मधल्या सुटीआधी आणि नंतर जाण्याची वेळ ठरवून टाका, म्हणजे ती निर्धास्त पाणी पिईल.

पाळीचेही तसेच. तारखांची नोंद ठेवायला तिलाच शिकवा, एक जोड कपडे आणि पॅड शाळेत असू द्या. समजायला वेळ लागणारी मुलगी असेल, तर रोज त्याच क्रमाने, त्याच शब्दांत, एकेक पायरी दाखवा. आणि अंगाला कोणी हात लावावा, कोणी लावू नये, नको असेल तर ‘नको’ कसे म्हणावे, हेही स्पष्ट सांगा. या मुलींना कोणीतरी सदैव हात लावतच असते, म्हणून त्यांना हे शिकवणे अधिकच जरुरीचे.

वर्गात इतरही मुले असतील. कमी ऐकू येणाऱ्याशी बोलताना तोंड उजेडाकडे ठेवा, तोंडापुढे पुस्तक धरू नका. कमी दिसणाऱ्यासाठी काळ्या स्केचपेनने ठळक लिहा. भूमितीची आकृती फेव्हिकॉलने सुतळी चिकटवून केली की बोटांना वाचता येते. स्वमग्न मूल घंटेच्या आवाजाने बिथरत असेल, तर घंटा होण्याआधी त्याला सांगून ठेवा. फिट आली तर कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा तर मुळीच नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना.

पैशांविषयी थोडे. संकोच न करता बोला. मानधन किती, कोण देणार, सुट्टीत मिळणार का, हे कागदावर घ्या. मुलीच्या घरच्यांनाही सांगा, की समग्र शिक्षा योजनेत प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता आणि मुलींना दरमहा दोनशे रुपयांप्रमाणे दहा महिन्यांचा प्रोत्साहन भत्ता अशी तरतूद आहे. शाळेने नाव कळवले आहे ना, आणि मुलीचे बँक खाते चालू आहे ना, एवढे पाहा. या कामातच पुढे जायचे मनात असेल, तर विशेष शिक्षणाची पदविका आहे. मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली संस्थाच निवडा. तुमची बारावी झालेली आहे, दार उघडे आहे.

पहिले पंधरा दिवस फार काही करू नका. ती काय स्वतः करते, कुठे थकते, कोणत्या मुलीकडे पाहून हसते, एवढेच टिपून ठेवा. त्या हसणाऱ्या मुलीला शेजारी बसवा आणि खुर्ची ढकलायला, डबा उघडायला तिलाही शिकवा. एखाद्या दिवशी तुम्हाला रजा घ्यावी लागली, तरी तिची शाळा बुडायची नाही.

महिन्याभराने कसे चालले आहे ते जरूर कळवा. तुमच्यासारखे काम करणाऱ्या आणखी कोणी मैत्रिणी असतील, तर त्यांच्याही युक्त्या लिहून पाठवा; पुढे याच पानावर देईन.