मेणाच्या नळींतील वाणी

आमच्या साहित्यशास्त्रांत 'काकु' म्हणून एक संज्ञा आहे. शब्द तेच, परंतु उच्चाराच्या चढउतारानें अर्थ पालटतो, त्यास काकु म्हणतात. 'तो येणार नाहीं' हें वाक्य एका स्वरांत निषेध, तर दुसऱ्या स्वरांत 'खचित येईल' अशी ग्वाही होतें. छापील अक्षरांत ही काकु उतरत नाहीं. म्हणून थोर मुत्सद्द्यांचीं भाषणें ग्रंथांत कितीहि शुद्ध जपलीं, तरी त्यांचें अर्धें अंग आपणांस पारखेंच राहतें.

एडिसननें १८७७ सालीं ध्वनिलेखनाचें यंत्र सिद्ध केलें, तेव्हां ही उणीव दूर होण्याचा मार्ग उघडला. प्रारंभीं कथलाचा वर्ख होता. पुढें मेणाची नळी आली. बोलणाऱ्यानें कर्ण्याशीं तोंड नेऊन बोलावें, त्या आवाजानें पातळ पडदा थरथरावा, आणि त्यास जोडलेल्या सुईनें फिरत्या मेणावर चर कोरावी, अशी ती योजना. एका नळीवर थोडींच मिनिटें मावत. तेव्हां राजकारणी पुरुषाचें सबंध भाषण मिळणें शक्यच नव्हतें.

जर्मनीचा पोलादी पुरुष बिस्मार्क याचेंच उदाहरण पाहावें. ७ ऑक्टोबर १८८९ रोजीं फ्रीड्रिक्सरू येथील त्याच्या निवासस्थानीं एडिसनचा सहायक वांगेमान यंत्र घेऊन गेला. वाचकांस वाटेल कीं, चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या महापुरुषानें साम्राज्याविषयीं कांहीं गंभीर उद्गार काढले असतील. त्यानें काय म्हटलें? एका इंग्रजी गाण्याच्या ओळी, एक जर्मन कविता, विद्यार्थ्यांचें एक लॅटिन गीत, आणि ज्या फ्रान्सला त्यानें १८७० च्या युद्धांत नमविलें त्याच फ्रान्सच्या राष्ट्रगीताचा प्रारंभ! शेवटीं पुत्रास उपदेश केला कीं, कामांत, खाण्यांत आणि पिण्यांतहि मर्यादा सांभाळावी. उपदेशकाचा स्वतःचा आहार तर दांडगा म्हणून प्रसिद्ध होता!

'रक्त आणि लोह' यांचें त्याचें १८६२ मधील भाषण जगानें जपलें, पण त्याची काकु कायमची गेली. काकु उरली ती या किरकोळ बोलांची. तथापि आम्हांस हा तोटा वाटत नाहीं. सभेंतील बिस्मार्क ग्रंथांत भेटतोच. मुलास चार शब्द सांगणारा बाप मात्र या नळींतच भेटतो.

त्याच महिन्यांत सेनापति मोल्टके याचाहि आवाज टिपला गेला. १८०० सालीं जन्मलेला हा वृद्ध मितभाषी म्हणून इतका ख्यात होता कीं, तो सात भाषांत मौन पाळतो असें लोक म्हणत. यंत्रापुढें मात्र तो बोलला. आणि या यंत्राच्या योगें थडग्यांत विसावलेला मनुष्यहि पुन्हा आवाज उंचावून वर्तमानकाळास नमस्कार करूं शकेल, अशा आशयाचे उद्गार त्यानें काढले. ते त्याच्याच बाबतींत अक्षरशः खरे ठरले.

आमच्या पूर्वजांनीं पद, क्रम, जटा, घन या पाठांनीं यंत्रावांचून वेदांचा स्वर राखिला. परंतु त्यांत मंत्र राहिला, मंत्रद्रष्ट्याचा कंठ नव्हे. यंत्र कंठ राखतें. मात्र त्यासहि माणसाची दक्षता लागते. वांगेमानच्या नळ्या अमेरिकेंत एडिसनच्या प्रयोगशाळेंत दीर्घकाळ पडून होत्या. ओळख पटेल असें त्यांवर कांहीं लिहिलेलें नसल्यामुळें त्यांत कोण बोलत आहे हें कोणास ठाऊक नव्हतें. २०११ मध्यें तज्ज्ञांनीं त्या नव्या साधनांनीं ऐकल्या, आणि २०१२ मध्यें बिस्मार्कचा आवाज जगापुढें आला. उलट, ग्लॅडस्टनच्या नांवावर चालणाऱ्या कांहीं मुद्रणांच्या अस्सलपणाविषयीं अद्यापि वाद आहे.

सुज्ञ वाचकहो, आज ध्वनि टिपणारें यंत्र घरोघरीं प्रत्येकाच्या खिशांत आहे. आजी-आजोबांचा आवाज जरूर टिपावा. त्यांस भाषण करावयास सांगूं नये. नातवंडांस गोष्ट सांगतांना, सुनेस पाककृति समजावितांना टिपावा. आणि त्याबरोबर नांव, गांव व तिथि तेवढी न विसरतां लिहावी. नाहीं तर पणतवंडांच्या कानीं आवाज पडेल, आणि तो कोणाचा, हें सांगणारें मात्र घरांत कोणी उरणार नाहीं.