मधल्या दहा दिवसांचा प्रश्न

कुत्रा चावल्यावर लस टोचून घेतली की आपण सुटलो, असा समज आपल्याकडे सर्वत्र आहे. सुशिक्षितही त्याला अपवाद नाहीत. अलीकडेच आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील सात वर्षांच्या मुलाच्या गालाला कुत्रा चावला. आईबापांनी त्याला तासाभरात आरोग्य केंद्रात नेले. तेथे लस टोचण्यात आली, आणि "सिरम येथे नाही, मोठ्या इस्पितळात जा" एवढे सांगून त्यांची बोळवण झाली. बापाने विचारले, लस दिलीत ना, मग आणखी सिरम कशाला? त्याला कुणी उत्तर दिले नाही. तो तिसऱ्या दिवशी मोठ्या इस्पितळात गेला. मुलगा सुखरूप आहे. परंतु बापाचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर त्याला पहिल्याच दिवशी मिळावयास हवे होते.

ते उत्तर आपल्या रक्तातच आहे. आपल्या अस्थिमज्जेत 'बी' पेशी नावाच्या श्वेतपेशी जन्म घेतात. अशा प्रत्येक पेशीच्या अंगावर एकाच विशिष्ट आकाराचा ग्राहक असतो, आणि कोणत्याही दोन पेशींचे ग्राहक सहसा सारखे नसतात. मोजक्या जनुकांचे तुकडे निरनिराळ्या तऱ्हेने जुळवून शरीर ही अफाट विविधता साधते, हे जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी दाखवून दिले. त्यांना १९८७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे जो विषाणू आपण उभ्या जन्मात पाहिलेला नाही, त्याला धरू शकेल अशी एखादी पेशी आपल्या अंगात बहुधा आधीपासूनच असते. अडचण एवढीच की अशा पेशी अगदी थोड्या असतात. विषाणू किंवा लस त्यांच्यापर्यंत पोहोचली की लसिका ग्रंथींत त्या दुसऱ्या श्वेतपेशींच्या साहाय्याने दुपटीदुपटीने वाढू लागतात. त्यांतील काही प्रतिपिंडे तयार करण्याचे कारखानेच बनतात. अशी एक पेशी दर सेकंदाला हजारो प्रतिपिंडे रक्तात सोडते. प्रतिपिंडांना 'शरीराचे सैनिक' म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हास ती उपमा फारशी पटत नाही. प्रतिपिंड स्वतः कुणाला मारीत नाही. ते विषाणूला चिकटते, पेशीत शिरण्याची त्याची वाट अडवते, आणि भक्षक पेशींना त्याची खूण पटवून देते.

परंतु या सर्वाला वेळ लागतो. लसीच्या पहिल्या सुईनंतर पुरेशी प्रतिपिंडे रक्तात दिसण्यास सात ते चौदा दिवस जातात. इतर पुष्कळ रोगांत एवढा अवधी परवडतो. रेबीजमध्ये तो परवडत नाही. जखमेतला विषाणू मज्जातंतूत शिरतो आणि तंतूच्या आतून मेंदूकडे सरकू लागतो. एकदा आत गेला की रक्तातील प्रतिपिंडांचा हात त्याच्यापर्यंत नीटसा पोहोचत नाही. गाल, मान, हाताची बोटे येथे मज्जातंतू दाट, आणि चेहऱ्यापासून मेंदूचे अंतर थोडे. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर तर जवळजवळ कुणीही वाचत नाही.

सिरम हवे ते या मधल्या दिवसांसाठी. ती दुसऱ्याच्या, माणसाच्या किंवा घोड्याच्या, रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडे असतात. एकाच्या रक्तरसातील रक्षण दुसऱ्यास देता येते, हे बेहरिंग आणि कितासातो यांनी १८९० साली सिद्ध केले होते. आता पुण्याच्या सीरम संस्थेने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या साहाय्याने विकसित केलेले, घोड्यावर वा माणसावर अवलंबून नसलेले एकाच साच्याचे प्रतिपिंडही उपलब्ध आहे. हे औषध वजनाच्या प्रमाणात, जखमेच्या आत आणि भोवती टोचावयाचे असते. त्यामुळे विषाणू जेथे आहे तेथेच त्याला गाठता येते. लसीच्या पहिल्या सुईनंतर सात दिवस उलटले की ते देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडे येऊ लागतात. म्हणून पहिला दिवस मोलाचा. त्याआधी, घरीच, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवावी. चुना, तिखट, हळद काहीही लावू नये.

आणि उरलेल्या सुया? जखम भरली की लोक त्या टाळतात. पोटात चौदा सुया घ्याव्या लागत, त्या काळची भीती अद्याप घरोघर सांगितली जाते. ती लस आपल्या देशात २००४ अखेर बंद झाली. आताच्या चार-पाच सुया दंडात घेतात आणि महिनाभरात संपतात. पुढच्या प्रत्येक सुईने पेशींची नवी फळी तयार होते, त्यांतल्या काही स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षे टिकतात. ज्याने पूर्वी लस पूर्ण घेतली आहे त्याला पुन्हा कुत्रा चावल्यास दोनच सुया पुरतात आणि सिरम लागत नाही, ते यामुळेच.

गोव्यात कुत्र्यांच्या लसीकरणाचे काम चिकाटीने झाले, आणि गेल्या तीन वर्षांत रेबीजचा एकही रुग्ण नाही असे मुख्यमंत्र्यांनी २०२१ साली जाहीर केले. ते श्रेय ज्यांचे त्यांना द्यावयास आम्ही कचरत नाही. पण दोडामार्ग किंवा खानापूरकडून येणाऱ्या कुत्र्याला तपासनाका ठाऊक नसतो, आणि यशाच्या घोषणेनंतर औषधाच्या कपाटाकडे दुर्लक्ष होण्याचा धोका वाढतो. सिरम महाग आहे, ते थंड ठेवावे लागते, त्याची मुदत संपते; या अडचणी आम्ही जाणतो. तरीही तालुक्याच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात ते असलेच पाहिजे. आज ते कोठे आहे आणि कोठे नाही, याची यादी आरोग्य खात्याने दर आठवड्यास प्रत्येक पंचायतीच्या फलकावर लावावी. फोंड्याच्या किंवा काणकोणच्या आईबापांनी रक्ताळलेले मूल घेऊन इस्पितळामागून इस्पितळ पालथे घालावे, हे आम्हास मान्य नाही.