दूरच्या अन्यायाविषयी बोलण्याचा हक्क

आमच्या म्हैसुरातील अग्रहाराजवळच्या रामस्वामी चौकातून नित्य ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल की, 1947 च्या सप्टेंबरात, जबाबदार राज्यपद्धतीसाठी झालेल्या 'म्हैसूर चलो' चळवळीत, गोळीस बळी पडलेल्या एका विद्यार्थ्याचे नाव त्या चौकास दिलेले आहे? ज्या नगराने विद्यार्थ्याच्या राजकीय आकांक्षेचा असा सन्मान केला, त्याच नगरात 8 जानेवारी 2020 रोजी म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री आवारात काश्मीरच्या मुक्ततेचा फलक धरणाऱ्या एका माजी विद्यार्थिनीवर राजद्रोहाचा गुन्हा नोंदविण्यात आला. काश्मीरमधील इंटरनेटबंदी उठावी एवढाच आपला अभिप्राय होता, असा खुलासा तिने केलेला असतानाही स्थानिक वकीलसंघाने तिचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला. अन्य ठिकाणचे वकील पुढे आले व त्याच महिन्यात तिला अटकपूर्व जामीन मिळाला, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो; परंतु आरोपीस बचाव नाकारणारा तो ठराव या नगराच्या लौकिकास शोभला नाही.

पॅलेस्टिनी जनतेच्या हक्कांविषयी बोलणाऱ्यांनाही असाच अनुभव येत आहे. 2023 च्या नोव्हेंबरात पवईच्या आयआयटीत पॅलेस्टाइनमधील जेनीनच्या मुलांच्या नाट्यमंडळीवरील 'अर्नाज चिल्ड्रन' हा अनुबोधपट अभ्यासक्रमाचा भाग म्हणून दाखविण्यात आला व नाट्यकर्मी सुधन्वा देशपांडे यांचे व्याख्यान झाले. तेव्हा काही विद्यार्थ्यांनी पोलिसांकडे तक्रार केली, आणि प्राध्यापक अचिन वनाईक यांचे नियोजित व्याख्यान संस्थेने रद्द केले. तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्यांसही मतभेदाचा पूर्ण अधिकार आहे. पण व्याख्यात्याच्या विधानास उत्तर देण्याची जागा वर्ग आहे, पोलीसठाणे नव्हे.

7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासने इस्रायलमध्ये केलेल्या हत्याकांडाचा निषेध आम्ही निःसंदिग्धपणे करतो, आणि गाझातील उपाशी बालकांचा विचार त्याच श्वासात करतो. भारताने 1947 साली पॅलेस्टाइनच्या फाळणीविरुद्ध मत दिले, 1974 साली पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेस व 1988 साली पॅलेस्टाइनच्या राज्यास मान्यता दिली. जे धोरण या देशाच्या सरकारी दप्तरात नोंदलेले आहे, त्याचाच उच्चार विद्यार्थ्याने केला तर तो संशयित कसा ठरतो, हे आम्हांस उमगत नाही.

म्हणून म्हैसुरातील महाविद्यालयांच्या प्राचार्यांस आमची नम्र पण आग्रहाची विनंती आहे की, येत्या सत्रात पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर एक व्याख्यान ठेवावे, उभय पक्षांच्या विद्यार्थ्यांना प्रश्न विचारू द्यावेत, आणि बाहेरून दडपण आले तरी ते तहकूब करू नये.