संरक्षणाच्या हिशेबात आपले कापड कुठे?

दर फेब्रुवारीत केंद्राचा अर्थसंकल्प आला की आपल्या बाजारात चर्चा दोनच गोष्टींची. सुताचा भाव आणि आयकर. संरक्षण खर्चाचा आकडा आपण वाचतो, "या अल्लाह, एवढे?" म्हणतो आणि पान उलटतो. तो पैसा रणगाड्यांचा आणि विमानांचा, थान विकणाऱ्याचा किंवा माग चालवणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, असा आपला समज. व्यापारी म्हणून हा समज आपल्याला महाग पडतो, असे आम्हाला वाटते.

२०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षण मंत्रालयाला ६,८१,२१० कोटी रुपये ठेवले होते. सरकारी कागदात त्याचे चार वाटे स्पष्ट दिलेले आहेत. विमाने, जहाजे, तोफा वगैरे नव्या खरेदीचा भांडवली खर्च १,८०,००० कोटी. निवृत्त जवानांचे निवृत्तिवेतन सुमारे १,६०,७९५ कोटी. सीमेवरचे रस्ते, तटरक्षक दल वगैरेंसाठी सुमारे २८,६८३ कोटी. आणि सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३,११,७३२ कोटींचा, रोजच्या खर्चाचा: पगार, शिधा, इंधन, दुरुस्ती आणि कपडालत्ता. ज्याला आपण विमानांचा पैसा समजतो तो रुपयात चार आण्यांहून थोडाच जास्त. बाकी घरखर्च, आणि घरखर्चात कापड आलेच.

मात्र हे कापड कागदात शोधायला गेलो की दम लागतो. अर्थसंकल्पाबरोबर 'डिफेन्स सर्व्हिसेस एस्टिमेट्स' नावाचे पुस्तक निघते. त्यात लष्कराचे लेखाशीर्ष २०७६, आणि त्याखाली ११० क्रमांकावर 'स्टोअर्स'. कपडे, शिधा, इंधन यांची खरेदी या शीर्षाखाली. रुपयांचा आकडा मिळतो, पण मीटर किती, वाण कोणता, माल कधी लागणार, यातले काहीही मिळत नाही. पुस्तक इंग्रजीत आणि हिंदीत. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, इंग्रजी पोटापुरती. मालेगावच्या किंवा इचलकरंजीच्या कारखानदाराची स्थिती यापेक्षा फार वेगळी नसावी.

शिवाय एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात आलेली नाही. पूर्वी जवानाला गणवेश सरकार देत असे, आणि तो शाहजहानपूर, आवडी येथील सरकारी कारखान्यांत शिवला जाई. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१७ पासून, जवानाला वर्षाला १०,००० रुपये आणि अधिकाऱ्याला २०,००० रुपये पोशाख भत्ता सुरू झाला. म्हणजे गणवेशाचा पुष्कळसा पैसा 'स्टोअर्स'मधून निघून पगार-भत्त्यांच्या शीर्षात गेला. त्याच वर्षापासून अनेक साध्या वस्तू बाहेरच्या बाजारातून घेण्याचीही मुभा लष्कराला मिळाली. २०२१ च्या ऑक्टोबरात सरकारी आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, त्यातली कपड्यांची कंपनी कानपूरची 'ट्रूप कम्फर्ट्स'. गिऱ्हाईक तेच, पण दुकान बदलले. ज्यांनी हे वेळीच वाचले ते छावण्यांच्या बाजारात जाऊन बसले. आपण मात्र ग्रे कापडाच्या मंदीवर बोलत बसलो होतो.

लष्कराच्या खर्चाचे नाव काढले की आपल्यातले काही जण आवाज खाली करतात. कशासाठी? नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, हे घटनेने नेमलेले पद. त्यांचा सियाचीन वगैरे उंचावरील ठाण्यांच्या पुरवठ्यावरचा अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडला गेला. बर्फातले कपडे व साहित्य खरेदी करण्यात चार वर्षांपर्यंत उशीर झाला, जॅकेट आणि झोपण्याच्या पिशव्या जुन्या नमुन्याच्याच घेतल्या गेल्या, नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बूट न मिळाल्याने जुनेच बूट पुन्हा वापरात आणावे लागले, हे सर्व त्यात छापलेले आहे. संसदेत जे उघड मांडले गेले ते दुकानात मोठ्याने वाचायला हरकत कोणाची असणार? आणि कापडवाल्याला त्यात थंडीने गोठलेला जवान दिसतो तशीच चार वर्षे न निघालेली ऑर्डरही दिसते.

आता कामाचे. २०१२ च्या सरकारी खरेदी धोरणाने केंद्रीय खात्यांनी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून ठरावीक हिस्सा घेणे आवश्यक केले. आधी तो २० टक्के होता, २०१८ मध्ये २५ झाला. शस्त्रास्त्रांची आयात या हिशेबातून वगळली आहे, कापड वगळलेले नाही. निविदेचे कागद फुकट, अनामतही माफ. पण यात मेख अशी की हा लाभ उत्पादकाला आहे. २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना 'उद्यम' नोंदणी खुली झाली ती फक्त बँक कर्जाच्या प्राधान्यापुरती. भिवंडीत सूत व्यापाऱ्याचे, माग दुसऱ्याचे, विणाई मजुरीवर. तेथे निविदा भरायची कोणी? व्यापाऱ्याला हक्क नाही आणि मागवाल्याकडे भांडवल नाही. दोघांनी एकत्र येऊन नोंदणी केल्याखेरीज हे दार उघडणार नाही, मग भाषणे कितीही होवोत.

घाईही करू नये. लष्कराची तपासणी कडक असते. सीलबंद नमुन्याशी रंग, वजन, मजबुती जुळली नाही तर लॉट परत, आणि परत आलेला खाकी किंवा ऑलिव्ह माल साध्या गिऱ्हाइकाला खपवणे सोपे नाही. आमच्या ओळखीतल्या एका कारखानदाराचा माल केवळ रंगाच्या फरकावर परत आला आणि सेकंडच्या भावात गेला. बिलाचे म्हणाल तर कायद्याने लघु उद्योगाचा पैसा ४५ दिवसांत द्यायचा, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. व्याज मागायची हिंमत कोण करतो, ते आपण जाणतोच.

म्हणून आमची मागणी लहान आहे. तोफांची गुपिते आम्हाला नकोत. संरक्षण मंत्रालयाने आपल्या वार्षिक अहवालाला कापडाचे एक पान जोडावे: गेल्या वर्षी कोणते वाण, किती मीटर, कोणत्या दर्जाचे घेतले, त्यातले लघु उत्पादकांकडून किती, आणि पैसे सरासरी किती दिवसांत दिले. ते पान मराठीत व उर्दूतही निघावे. तोवर भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूरच्या खासदारांनी हाच तारांकित प्रश्न लोकसभेत विचारावा. प्रश्न आम्ही लिहून देतो, टायपिंगचा खर्चही आमचा.