तापाचा खोडवा ठेवू नका



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या कार्यक्षेत्रात माणसांची वर्दळ एकदम वाढते. टोळ्या येतात, पाटाच्या कडेला, विहिरीजवळ, जागा मिळेल तिथे कोप्या पडतात. पावसाळा नुकताच सरलेला असतो, डबकी अजून आटलेली नसतात. अशा दिवसांत कुणाला हुडहुडी भरून ताप आला आणि रक्त तपासले, तर अधूनमधून हिवताप निघतो. डास आणि डबकी यांवर आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. आज आम्हांला लिहायचे आहे ते ताप उतरल्यानंतरही घ्यावयाच्या एका लहानशा गोळीविषयी. तिचे नाव प्रायमाक्विन.

आपल्याकडे हिवतापाचे जंतू मुख्यतः दोन जातींचे. फाल्सिपेरम हा जिवावर बेतणारा, कधी मेंदूपर्यंत जाणारा. त्याची औषधे वेगळी असतात. दुसरा व्हायवॅक्स. हा रक्तात असतो तसाच यकृतातही दडी मारून बसतो. क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी रक्तातला जंतू मरतो, ताप जातो, तोंडाला चव येते. यकृतातल्या जंतूला मात्र क्लोरोक्विनने काहीही होत नाही. ऊस तोडून गाडीत भरला तरी बुडखा जमिनीत राहतो आणि पुन्हा फुटतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. व्हायवॅक्सचे अगदी तसेच. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी तोच ताप परत येतो आणि लोक म्हणतात, "पुन्हा डास चावला वाटतं." डास चावलेला नसतो, खोडवा फुटलेला असतो. तो बुडख्यासकट काढायचे काम प्रायमाक्विनचे, आणि त्याला रोज एक याप्रमाणे चौदा दिवसांचे डोस लागतात.

जुन्या सभासदांपैकी काहीजण इथे अडतात. "आमच्या वेळी पाच दिवस देत होते, आता चौदा कशाला?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. पूर्वी सरकारी उपचारात पाचच दिवस गोळ्या दिल्या जात. पण पाच दिवसांत यकृतातला जंतू नीट मरत नाही हे दिसून आल्यावर शासनाने चौदा दिवस ठरविले. देशात १९६५ साली हिवतापाचे रुग्ण सुमारे एक लाखापर्यंत खाली आले होते, आणि १९७६ साली तोच आकडा चौसष्ट लाखांवर गेला. संपला म्हणून ज्या रोगाकडे पाठ फिरवली तो कसा उसळतो, ते त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. आता २०३० पर्यंत देशातून हिवताप हटवायचे ठरले आहे.

दुसरी तक्रार, "गोळ्या गरम पडतात." उपाशीपोटी घेतल्यास पोटात दुखते, मळमळते, हे खरे. त्यावर उपाय गोळ्या बंद करणे हा नव्हे. भाकरी खाऊन मग गोळी घ्यावी. क्लोरोक्विनने काहींच्या अंगाला खाज सुटते, डोके दुखते, डोळ्यांपुढे थोडे धूसर दिसते. हे बहुधा तात्पुरते असते, पण डॉक्टरांच्या कानावर घालावे. गोळ्या किती आणि कशा घ्यायच्या हे आम्ही इथे मुद्दाम छापत नाही. ते वय आणि वजन पाहून डॉक्टरच सांगतील. छापले तर अंक भिंतीला चिकटवून त्यावरून घरचा दवाखाना सुरू होईल, हेही आम्ही जाणून आहोत.

खरी सावधगिरी पुढेच आहे. काही माणसांच्या रक्तात तांबड्या पेशींना जपणारे जी-६-पीडी नावाचे द्रव्य जन्मतःच कमी असते. एरवी ते कळतही नाही, माणूस धडधाकट कोयता चालवतो. पण प्रायमाक्विन पोटात गेले की त्याच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. असे का होते याचा उलगडा अमेरिकेत १९५६ साली झाला. हा दोष आईकडून मुलाकडे येतो आणि पुरुषांना अधिक बाधतो. पारशी समाजात व काही आदिवासी जमातींत तो जास्त आढळतो, म्हणून बाकीच्यांत नाहीच असे कुणी धरून चालू नये. पूर्वी एखाद्या औषधाने लघवी काळी झाली असेल, रक्त चढवावे लागले असेल, भावाला किंवा मामाला तसे झाले असेल, तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. तपासणीची सोय असेल तिथे तपासून घ्या.

गोळ्या सुरू झाल्यावर, विशेषतः पहिल्या आठवड्यात, लघवीच्या रंगावर लक्ष ठेवावे. ती कोऱ्या चहासारखी काळपट झाली, चेहरा पांढरा पडला, धाप लागली, ओठ निळसर दिसले किंवा डोळे पिवळे झाले, तर गोळी तिथेच थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आम्हांला भीती वाटते ती नेमकी याच ठिकाणी. डोळे पिवळे, लघवी गडद, म्हणजे आपल्याकडे निदान ठरलेलेच: कावीळ! मग गळ्यात माळ, झाडपाल्याचा रस, आणि वरून तांब्याभर उसाचा रस. रसाशी आमचे भांडण असण्याचे कारण नाही, आपले पोटच त्यावर चालते. पण इथे रक्त आटत असते, आणि माळ लांबायची वाट पाहण्यात जे दोन दिवस जातात ते परत मिळत नाहीत.

गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या लेकराला प्रायमाक्विन द्यायचे नाही. पोटातल्या बाळाला तो दोष असेल तर त्याच्या जिवाला धोका. अंगावर पाजणाऱ्या बाईने तसे डॉक्टरांना आधी सांगावे. सांगायला सोपे वाटते, पण तोडीवरची बाई दिवस गेल्याचे सहजासहजी बोलत नाही. उचल घेतलेली असते, खाडा पडेल याची धास्ती असते, आणि विचारणारा मुकादम पुरुष. तेव्हा हे विचारायचे काम आशाताईंनी किंवा नर्सबाईंनीच केले पाहिजे, आणि त्यांना कोपीपर्यंत नेऊन सोडणे हे ज्याच्या फडात टोळी आहे त्या सभासदाचे काम आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारण अडचणीचे मूळ हिशेबात आहे. उपचार चौदा दिवसांचा, आणि टोळी एका फडात तितके दिवस टिकत नाही. पहिल्या सभासदाच्या रानात ताप येतो, रक्त तपासले जाते, गोळ्या हातात पडतात. चौथ्या दिवशी फड संपतो, टोळी तीन गावे पलीकडे जाते आणि गोळ्यांची पुडी कोपीच्या आढ्याला खोचलेली राहते. पुढे ती दुसऱ्याच कुणाला ताप आल्यावर बाहेर निघते. तो दुसरा कदाचित गरोदर बाई असते, कदाचित पोर. क्लोरोक्विनच्या एक-दोन गोळ्याही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. घेणाऱ्याचा उपचार अर्धा राहिला आणि ज्याला नको त्याच्या पोटात औषध गेले, अशी दोन्हीकडून हानी.

चिटबॉयच्या वहीत कोणत्या गाडीत किती ऊस गेला याची नोंद चोख असते. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर, उपचार घेणाऱ्याची संमती घेऊन, नाव आणि चौदा रेघा एवढेच लिहायला काय हरकत आहे? टोळी दुसऱ्या गटात गेली की शेतकी गट ऑफिसने तिकडच्या आरोग्य केंद्राला निरोप द्यावा. आजारी माणसाच्या पहिल्या तीन दिवसांचा खाडा धरू नये. धरला तर तो ताप लपवील आणि आपण वही घेऊन बसू. हा विषय येत्या सर्वसाधारण सभेत सभासदांनीच मांडावा. उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नयेत, आरोग्य केंद्रात परत द्याव्यात, आणि तोवर लेकरांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवाव्यात. कोपीत अशी जागा सापडणे कठीण असते. सभासदाच्या घरच्या फडताळात ती असते.